नांगराच्या आधी गाव



या आठवड्यात मी तुम्हांला मधमाश्यांच्या पोळ्याबद्दल सांगणार होतो. मागच्या अंकात तसं कबूलही केलं होतं. पण मध्येच एक पत्र आलं आणि मधमाश्यांना म्हटलं, बायांनो, जरा आठवडाभर थांबा!

पत्र सातवीतल्या एका मुलीचं आहे. नाव-गाव छापू नका असं तिनंच लिहिलंय, म्हणून छापत नाही. ती लिहिते, ‘काका, आमच्या गावात एक जुना कारखाना आहे. माझे बाबा तिथं फिटर आहेत. आजोबाही तिथंच होते. आता तो कारखाना दुसरीकडं हलवणार अशी कुजबुज चाललीय. बाबा म्हणतात, कारखाना गेला की गाव बसलंच म्हणून समज. आजोबा म्हणतात, अरे, कारखान्याच्या आधी गाव होतंच की! दोघांचं रोज जेवताना वाजतं आणि आई म्हणते आमटी गार होतेय. कोणाचं खरं?’

वाचलं आणि गप्पच बसलो. शाळेत आम्हांला ‘यंत्रे : शाप की वरदान?’ असा निबंध असायचा. दहा ओळी शापाच्या, दहा ओळी वरदानाच्या, शेवटी ‘अति तेथे माती’ लिहिलं की झालं! पण या मुलीला तसलं उत्तर देऊन कसं चालेल? तिच्या घरातली आमटी गार होतेय. म्हणून ठरवलं, एका गावाची गोष्ट सांगायची. अगदी खरी. या गावात कारखाना आणि गाव एकाच वर्षी जन्माला आले.

लहानपणी आम्ही मामाकडं मिरजेला जायचो. पुण्याहून पॅसेंजर. खिडकीसाठी आम्हा भावंडांची मारामारी ठरलेली. कराड गेलं, ताकारी गेलं, की एक पाटी यायची : किर्लोस्करवाडी. मला मोठी गंमत वाटायची. गावाला नदीचं नाव असतं, देवाचं असतं, वडा-पिंपळाचं असतं. इथं चक्क एक आडनाव! मी मामाला विचारलं, ‘या गावात सगळेच किर्लोस्कर राहतात का?’ मामा इतका हसला, की पानाची पिंक पडता पडता वाचली.

तर हे आडनाव आहे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांचं. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथं कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत! आता आली का पंचाईत! रंग सोडले आणि यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. तिथं काळी रेघ आणि पांढरा कागद, रंगांची कटकट नाही. पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर झाले. बढतीच्या वेळी डावललं, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथं थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर १८८८ मध्येच सायकलींचं दुकान काढलेलं होतं, ‘किर्लोस्कर ब्रदर्स’.

सायकली विकता विकता त्यांचं लक्ष गेलं शेतकऱ्याकडं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं. मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

आता तुम्ही म्हणाल, नांगरात काय एवढं? सांगतो. त्या काळी नांगर लाकडाचा असायचा आणि त्याला पुढं लोखंडी फाळ. तो जमीन उकरायचा. लोखंडी नांगर जमिनीत खोल जाऊन माती पालथी करतो. खालची वर, वरची खाली. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजतो ना, त्याची मुळं उन्हात उघडी पडतात. म्हणजे फायद्याचीच गोष्ट. तरी कोणी घेईना! लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं लोक म्हणायचे. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षं लागली. (आई-बाबांनो, तुम्हीही वाचताय ना? घरात पहिला मिक्सर आला तेव्हा आजी काय म्हणाली होती, ते मुलांना जरूर सांगा.)

कुठं जरा जम बसतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेनं सांगितलं, शहर वाढवायचंय, जागा खाली करा. भट्टी, यंत्रं, माणसं घेऊन जायचं कुठं?

इथं गोष्टीत एक राजा येतो. औंधचे राजेसाहेब, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. तुम्ही शाळेत सूर्यनमस्कार घालता ना? त्या सूर्यनमस्कारांचा देशभर प्रसार करणारे ते हेच. स्वतः चित्रकार होते. औंधचं संग्रहालय पाहिलं असेल तर ते त्यांनीच जमवलेलं. त्यांनी लक्ष्मणरावांना सांगितलं, आमच्या संस्थानात या. जमीन देतो, बिनव्याजी कर्ज देतो. औंध संस्थान होतं लहानसं आणि तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. त्यातला एक तुकडा कुंडलचा. कुंडल गावापासून थोडं दूर माळावर रेल्वेचं एक छोटं स्टेशन होतं, ‘कुंडल रोड’. त्या स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन मिळाली.

मिळाली खरी, पण कशी? नुसता माळ. जिकडं बघावं तिकडं निवडुंग आणि निवडुंगात साप! एकच गोष्ट सोन्यासारखी होती, ती म्हणजे रेल्वे. बिडाचं लोखंड आणि कोळसा आणायचा तो रेल्वेनं आणि नांगर गावोगाव पाठवायचे तेही रेल्वेनं.

साल १९१०. पंचवीसएक कामगार आपापल्या बायका-मुलांना घेऊन इथं उतरले. मला नेहमी त्या मुलांचा विचार येतो. बेळगावसारखं गाव सोडून ती इथं आली. ना शाळा, ना दुकान, ना खेळायला सोबती. संध्याकाळ झाली की काळोख, आणि बाहेर पाऊल टाकायचं तर आधी काठी आपटायची.

बघा हं, इथं खरी गंमत आहे. शहरात कारखाना काढला की कामगार सकाळी आपल्या घरून येतो आणि संध्याकाळी घरी जातो. त्याचं घर, त्याचं पाणी, त्याच्या पोरांची शाळा याची मालकाला काळजी नसते. पण या माळावर घरच नाही तर माणूस राहणार कुठं? पाणी नाही तर पिणार काय? पोरगं आजारी पडलं तर कामावर लक्ष कसं लागणार? म्हणजे नांगर करायच्या आधी गाव करणं भाग होतं! निवडुंग तोडला, घरं बांधली, पाण्याची सोय केली, रस्ते आखले, झाडं लावली. गाव वसवायची ही बाजू सांभाळली रामूअण्णांनी. त्याच सुमाराला तिकडं पूर्वेला टाटांचं जमशेदपूर उभं राहत होतं. पण तिथला पसारा केवढा आणि इथली पुंजी केवढी!

गाव नवीन असलं की एक फायदा असतो. जुन्या गावात कोणी कुठं राहायचं, कोणी कोणत्या विहिरीवर पाणी भरायचं हे आधीच ठरलेलं असायचं. इथं नियम आपणच करायचे होते. लक्ष्मणरावांनी ठरवलं, आपल्या वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही. १९१० च्या काळात, बरं का! आणखी एक गोष्ट केली. ती ऐकून आजूबाजूचे लोक नक्कीच म्हणाले असतील, की या माणसाचं डोकं फिरलंय. दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं! तुमच्या आई-बाबांना विचारून बघा, सोसायटीच्या वॉचमनच्या जागेवर असा माणूस चालेल का म्हणून. मी माझ्या घरी विचारलं. उत्तर इथं छापण्यासारखं नाही.

आता जरा कारखान्यात डोकावू या. नांगराचा भाग होतो कसा? आधी सुतार त्या भागाची लाकडी प्रतिकृती करतो, तिला म्हणतात पॅटर्न. ती ओल्या, खास मिसळलेल्या वाळूत दाबून बसवायची आणि अलगद काढून घ्यायची. वाळूत तशीच पोकळी उरते. भट्टीत वितळलेलं लोखंड त्या पोकळीत ओतायचं. पावसाळ्यात ओल्या मातीत पायाचा ठसा उमटवून त्यात मेण ओतलंत, तर मेणाचा पाय मिळेल ना? तसंच! फक्त इथं मेणाच्या जागी बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला लालभडक रस असतो, त्यामुळे चूक परवडत नाही. आणि हो, तो सुतार पॅटर्न मुद्दाम किंचित मोठा करतो. का, ओळखा बघू? लोखंड निवताना आकसतं. शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर. त्या सुताराची मोजपट्टीसुद्धा तेवढीच लांब केलेली असते. खोटी मोजपट्टी आणि खरं काम!

नांगर खपू लागले. मग शेजारच्या शेतात काय चाललंय ते बघून एकेक नवीन यंत्र निघू लागलं. ऊस गाळायचा लोखंडी चरक. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र. आणि मग १९२६ च्या सुमारास पाण्याचा पंप आणि तो चालवायला इंजिन.

पंपाचं महत्त्व कळायला आधी मोट माहीत हवी. आजोबांना विचारा. चामड्याची मोठी पखाल, तिला नाडा, नाड्याला बैल. बैल उतारानं पुढं चालले की मोट वर येते, पाणी थारोळ्यात पडतं. मग बैल मागं सरकवायचे. पुन्हा पुढं, पुन्हा मागं, दिवसभर. एवढं करून भिजायचं किती, तर जमिनीचा एक तुकडा.

आणि पंप? चहाचा कप घ्या, चमच्यानं जोरात ढवळा. चहा मधे खोलगट होतो आणि कडेला चढतो. (सांडला तर माझं नाव सांगू नका.) पंपाच्या पोटात असंच एक पंख्यासारखं चक्र गरगर फिरतं. पाणी कडेला फेकलं जातं आणि तिथून पाइपात चढतं. मधली जागा रिकामी होते म्हणून विहिरीतलं पाणी वर ओढलं जातं. चालू करायच्या आधी पंपात पाणी भरून आतली हवा घालवावी लागते, ते शेतकऱ्यांच्या मुलांना मी काय सांगणार! त्यांनीच त्यासाठी बादल्या वाहिलेल्या असतात.

आज पलूस-कुंडल भागात गेलात तर ऊस दिसेल, द्राक्षबागा दिसतील. सगळं श्रेय एका कारखान्याला द्यायला मी तयार नाही. कृष्णा नदी आहे, तिथल्या माणसांचे कष्ट आहेत. पण माळावरच्या भट्टीतून निघालेलं लोखंड त्या रानांत फिरलंय, एवढं मात्र खरं. आणि उलटंही खरं. शेतकऱ्यानं नांगर घेतलाच नसता, तर वाडीतल्या चुली पेटल्या नसत्या.

या वाडीतून आणखी एक वस्तू बाहेर पडायची. ती लोखंडाची नव्हती, कागदाची होती! लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकार. काकांना न जमलेले रंग पुतण्याला जमले होते. त्यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं छोटं पत्र सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांना कळावी, एवढाच आधी हेतू. पण त्याचं पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. पुढं हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला गेला. पण कित्येक वर्षं मराठी घरांत वाचली जाणारी ही मासिकं नांगराच्या गावात छापली जात होती. आजीला विचारा, ‘स्त्री’ आठवतं का? आणि मग अर्धा तास दुसरं काही करायचं ठरवू नका.

आतापर्यंत सगळं छान छान झालं. आता एक वाईट गोष्ट सांगतो. सांगू की नको, असा विचार केला. पण पत्र लिहिणाऱ्या मुलीनं खरं विचारलंय.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता. त्या संतापात पुढच्या काही दिवसांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर जमाव चालून गेले. त्या घरांतल्या माणसांचा त्या खुनाशी काहीएक संबंध नव्हता. किर्लोस्करवाडीवरही जमाव आला. कारखाना पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

जळलं ते कुणाचं? मालकाचं, हे खरंच. पण ज्यांची चूल त्या कारखान्यावर पेटत होती, त्या सगळ्या जातींच्या कामगारांचंही जळलं. माझ्या मनात येतं, जमावातल्या एखाद्याच्या रानात त्याच कारखान्याचा नांगर उभा असेल का? असेलही. माणसं असं का करतात, हे मी तुम्हांला चार ओळींत सांगू शकत नाही. तुम्ही आई-बाबांशी बोला. त्यांनाही सोपं जाणार नाही, पण बोला.

त्यानंतर ‘आता पुरे, सगळं बंद करून शहरात जाऊ’ असं म्हणायला भरपूर कारण होतं. पण कारखाना पुन्हा उभा केला, पुन्हा भट्टी पेटली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढं आपलं आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव ‘कॅक्टस अँड रोझेस’, म्हणजे निवडुंग आणि गुलाब. निवडुंग कुठला, ते तुम्हांला आता ठाऊक आहे.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. १९८९ मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं. तिकिटं जमवणाऱ्यांनी आपली वही चाळून बघा.

आता थेट २०१८ मध्ये येऊ या. थायलंडमधल्या एका गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. आठवतं? लहान असाल तेव्हा, मोठ्यांना आठवेल. २३ जूनला मुलं आत गेली, पावसाचं पाणी शिरलं आणि वाट बंद झाली. सगळं जग टीव्हीला डोळे लावून बसलं होतं. गुहेतलं पाणी उपसण्यासाठी जे देशोदेशीचे लोक धावले, त्यांत किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ होते. आणि लागलेच तर विमानानं पाठवायचे म्हणून मोठे पंप तयार ठेवले होते. कुठं? किर्लोस्करवाडीत! १० जुलैपर्यंत सगळी मुलं सुखरूप बाहेर आली. त्यांना वाचवण्याचं काम शेकडो माणसांचं, पाणबुड्यांचं. त्यातल्या एका पाणबुड्याचा जीवही गेला. पण तुमच्याएवढ्या मुलांसाठी माळावरच्या त्या गावात पंप बांधून तयार होते, हे वाचलं तेव्हा मला खिडकीतून दिसणारी ती पाटी आठवली.

आता सातवीतल्या माझ्या मैत्रिणीकडं वळतो. तुला माझं उत्तर हवंय ना?

किर्लोस्करवाडीचा कारखाना शंभराहून जास्त वर्षं टिकला. सगळेच टिकत नाहीत. कराडजवळ ओगलेवाडी आहे. तिथं १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचेचा कारखाना निघाला. ‘प्रभाकर’ कंदील तिथलाच. गावोगावच्या ओसरीवर तो लटकत असायचा आणि तुझ्या आजोबांनी बहुधा त्याच्याच उजेडात पाढे पाठ केले असतील. वीज आली, कंदील मागं पडले, पुढं कारखानाही बंद झाला. मुंबईत पार्ल्याला रेल्वेतून जाताना बिस्किटांचा खमंग वास यायचा. तोही कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. पण पार्ल्यात माणसं आहेत, शाळा भरतात. ओगलेवाडीतही माणसं राहतात, पत्त्यावर तेच नाव लिहितात. म्हणजे गाव बसत नाही. आजोबांचं खरं.

पण थांब, बाबांचंही खोटं नाही. गाव राहतं, पण त्यातली काही माणसं जातात. ज्याच्या हाताला भट्टीचं काम येतं त्यानं कंदिलाचा कारखाना बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं? तुझे बाबा गावाबद्दल बोलतात असं तुला वाटतं. मला वाटतं, ते तुझ्या फीबद्दल आणि स्वतःच्या हातांबद्दल बोलतायत. चाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी नवीन ठिकाणी पहिल्या दिवशी जाणं कसं असतं, हे आजोबांना माहीत नाही. त्यांच्यावर ती वेळ आली नाही. म्हणून आज जेवताना ‘कोणाचं खरं’ हे विचारू नकोस. ‘बाबा, तुम्ही कारखान्यात नक्की काय करता? मला एकदा दाखवाल?’ असं विचार. आणि हलवणार ही कुजबुज आहे की नोटीस लागलीय, तेही विचार. त्या दोन्हींत फार फरक असतो.

बाकीच्या सगळ्यांसाठी एक काम. तुमच्या गावात, पेठेत, गल्लीच्या टोकाला एखादा जुना कारखाना असेल. साखरेचा, तेलाचा, विड्यांचा, कौलांचा, सुताचा. चालू असो की बंद. तिथं काम केलेल्या एका माणसाला गाठा आणि विचारा, तिथला पहिला दिवस कसा गेला? भोंगा किती वाजता व्हायचा? पगाराच्या दिवशी घरी काय आणायचे? उत्तर एका कागदावर लिहून पाठवा. अक्षर कसंही असलं तरी चालेल, माझं कोणतं मोठं चांगलं आहे!

आणि मधमाश्या पुढच्या आठवड्यात. अगदी नक्की!

तुमचा,
काका